घरातला पाम का मरतो? या चुका टाळा

पार्लर पामचा फोटो कुणी पाठवला की मी आधी पानं बघत नाही, कुंडी बघते. बहुतेक वेळा ती गुळगुळीत, पांढरी, तळाला भोक नसलेली शोभेची कुंडी असते आणि खाली ठरलेला प्रश्न असतो: ‘पानं पिवळी पडतायत, कुठलं खत घालू?’ कुठलंच घालू नका. आधी झाड उचला आणि खाली किती पाणी साचलंय ते बघा.

हा पाम, म्हणजे कॅमेडोरिया एलेगन्स, मूळचा दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलांतला. तिथे तो उंच झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत मातीत वाढतो. मुळं बारीक, वाढ सावकाश. घरात चार-पाच फुटांच्या वर क्वचित जातो आणि तेवढं व्हायलाही वर्षं लागतात. ज्यांना दोन महिन्यांत कोपरा हिरवागार झालेला हवाय, त्यांनी दुसरं झाड आणावं.

वार लावून पाणी घालणं

‘दर रविवारी आणि बुधवारी पाणी घालतो, तरी असं कसं झालं?’ अहो, म्हणूनच झालं. थंडीत माती आठ-दहा दिवस ओली राहते, उन्हाळ्यात तीच कुंडी तीन दिवसांत कोरडी पडते. वार बघून हे कसं कळणार?

एका स्नेह्यांकडचा पाम मला दाखवायला आणला होता. झावळ्या लोंबलेल्या, खालची पानं पिवळी, टोकं काळपट. त्यांची खात्री होती की झाडाला पाणी कमी पडतंय, म्हणून त्यांनी पाणी वाढवलं होतं. चौकशी केल्यावर कळलं की सकाळी सासूबाई पाणी घालत, दुपारी मुलगी आणि रात्री हे स्वतः. प्रत्येकाला वाटे, बाकीचे विसरले असतील. आतली प्लास्टिकची कुंडी बाहेर ओढली तर शोभेच्या कुंडीत चार बोटं पाणी आणि गटारासारखा वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. मूळकूज ओळखायची ही खात्रीची खूण. निरोगी मूळ पांढरट, कडक असतं, ओढलं तरी सोलत नाही.

कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड तहानलेलं दिसतं. लोक आणखी पाणी ओततात आणि उरलीसुरली मुळंही जातात. त्या झाडाची कुजलेली मुळं कापली, उरलेल्या मुळांना बेताची होईल अशी लहान कुंडी घेतली आणि कोकोपीट, पर्लाइट, थोडं कुजलेलं शेणखत असं सैल मिश्रण भरलं. अर्धेअधिक बुंधे गेले, बाकीचे तगले. घरात पाणी घालायचं काम एकाकडेच द्या, असं मी निक्षून सांगितलं.

माझी स्वतःची पद्धत अगदी साधी आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं. ओल लागली तर त्या दिवशी झारी उचलायची नाही. पाणी दिलं की तळातून निथळेपर्यंत द्यायचं आणि ताटलीतलं ओतून टाकायचं. कुंडीत कायम वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, चिखल नको. ओल मोजायच्या यंत्रावर माझा विश्वास नाही.

आणि तळाशी खडे घालून निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच्या मातीत अडून राहतं. म्हणजे दलदल आणखी वर, मुळांच्या जवळ सरकते. त्यापेक्षा भोकं पाडा.

शेंडा खुडणं

तुळस खुडली की फुटवे येतात, म्हणून पामही खुडायचा, हे डोक्यातून काढून टाका. या पामच्या एका बुंध्याला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो गेला की त्या बुंध्याचा कारभार आटोपला, बाजूने फांदी फुटत नाही.

माझ्या मावसभावाने सगळे बुंधे कात्रीने एका उंचीवर आणले, ‘नीटनेटकं दिसतं’ म्हणून. पुढचा महिनाभर पानं हिरवीच राहिली, त्यामुळे तो मलाच चिडवत होता. पामची हीच तर गंमत आहे: आतून संपलेलं झाडसुद्धा वरून बराच काळ हिरवं दिसतं. नंतर जुनी पानं एकामागून एक वाळत गेली आणि नवीन एकही आलं नाही. कापलेले शेंडे त्याने पाण्यात ठेवले होते, मुळं येतील म्हणून. तेही कुजले, कारण हा पाम छाटाने लागत नाही. तो बियांपासूनच होतो, आणि बी धरायला नर आणि मादी अशी दोन वेगवेगळी झाडं लागतात.

पाम जिवंत आहे का, हे बघायचं असेल तर शेंड्यातलं न उलगडलेलं, सुईसारखं पान हळूच ओढून बघा. ते घट्ट असेल तर आशा आहे. अलगद निघून आलं आणि बुडाशी बुळबुळीत असेल, तर त्या बुंध्यात काही उरलेलं नाही.

दुसरा हावरटपणा म्हणजे एका कुंडीची चार झाडं करणं. दाट दिसणाऱ्या कुंडीत खरं तर अनेक वेगवेगळी रोपं एकत्र लावलेली असतात, त्यामुळे मोह होतो. पण त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात आणि ओढाताण या झाडाला सोसत नाही. दाटीतच राहू द्या.

बाकीच्या चुका

थेट ऊन: पानं आधी फिकट होतात, मग करपतात. खिडकीजवळ, पडद्याआड ठेवा. ‘कमी उजेडात चालतो’ म्हणजे खिडकी नसलेल्या न्हाणीघरात चालतो असं नव्हे.

पाण्याचा फवारा मारून हवा दमट करणं: काही मिनिटांत हवा पूर्वीसारखी कोरडी होते. फवाऱ्यापेक्षा दोन-तीन झाडं जवळजवळ ठेवा आणि एसीच्या झोतातून पाम हलवा.

तपकिरी टोकं: कारणं बहुधा कोरडी हवा, जड म्हणजे क्षारांचं पाणी किंवा खताचे साठलेले क्षार. अधूनमधून कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहून जाऊ द्या. टोकं कापायचीच असतील तर तपकिरी रेघ थोडी ठेवून कापा, हिरव्यात कात्री घालू नका.

लाल कोळी (पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड): पानं धुरकट, बारीक ठिपक्यांची दिसली तर खाली पांढरा कागद धरून पान झटका. ठिपके चालायला लागले की समजा. पानांच्या खालच्या बाजू जोरदार पाण्याने धुवा, आठवड्याने पुन्हा धुवा.

मोठी कुंडी: ‘एकदाच मोठी घेऊ’ म्हणून घेतलेल्या कुंडीतली माती वाळतच नाही. दोन-तीन वर्षांनी, इंच-दोन इंच मोठी, एवढंच. बुंधा पूर्वीपेक्षा खोल गाडू नका.

खत: वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्मं. आजारी झाडाला अजिबात नाही.

सगळ्यात खालचं एखादं जुनं पान वाळलं तर घाबरू नका, ते वयाने जातं.

हवा शुद्ध होते म्हणून पाम आणणं: ज्याचा दाखला देतात तो नासाचा 1989 चा अभ्यास छोट्या, बंद पेट्यांत केलेला होता. खिडकी उघडा, जास्त फायदा होईल.

शेवटची चूक झाडाची नाही, घरातल्या प्राण्यांच्या जिवाची. पार्लर पाम मांजर-कुत्र्यांना विषारी नाही, ‘पाम’ म्हणून विकला जाणारा सागो मात्र विषारी आहे. तो पाम नव्हेच, सायकस आहे. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बिया सर्वांत घातक, आणि कुत्र्याचं यकृत निकामी व्हायला थोडंसं पोटात गेलं तरी पुरतं. ताठ, टोकदार, चकचकीत पानांचा गुच्छ आणि खाली जाड, खवलेदार बुंधा दिसला तर तो सागो. कुत्र्याने तो चावल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या, आणि जाताना झाडाचं एक पान बरोबर घ्या.