संशोधनाचा डेटा जपायचा कसा

जीवशास्त्रातील ५१६ शोधनिबंधांच्या मूळ डेटाचा माग काढणारा एक अभ्यास २०१४ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंध जितका जुना, तितका त्याचा डेटा हाती लागणे कठीण, हे त्यात आकड्यांनिशी दिसून आले. ज्या लेखकांनी डेटाची सद्यःस्थिती कळवली, त्यांच्याकडे तो अजून शिल्लक असण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर दर वर्षी १७ टक्क्यांनी घटत गेले होते. कारणे अगदी साधी होती: कोणाचा डेटा हरवला होता, तर कोणाचा अशा जुन्या साधनांवर अडकला होता, की ती वाचणारे यंत्रच आता हाताशी नव्हते. अनेक लेखकांचे तर ई-मेल पत्तेच बंद पडले होते.

डेटा जपणे म्हणजे खरे तर दोन निरनिराळी कामे आहेत. फाइल शाबूत राहिली पाहिजे आणि तिचा अर्थही शाबूत राहिला पाहिजे. पहिल्या कामाला साधने आणि पैसा लागतो, म्हणून त्याची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याला लागते ते वेळच्या वेळी लिहून ठेवणे, आणि माझ्या मते बहुतेक डेटा निकामी होतो तो इथेच.

काम सुरू होण्यापूर्वी

अमेरिकेतील नॅशनल सायन्स फाउंडेशनने जानेवारी २०११ पासून अनुदानाच्या प्रस्तावासोबत डेटा व्यवस्थापनाचा आराखडा मागण्यास सुरुवात केली आणि आता अनेक देशांतील निधी देणाऱ्या संस्था तो मागतात. हा आराखडा केवळ प्रस्तावाची पूर्तता म्हणून लिहिला, तर तो पुन्हा कोणी उघडत नाही. त्यात पुढील प्रश्नांची रोखठोक उत्तरे असावीत: डेटा साधारण किती होईल, तो कोठे राहील, बॅकअपची जबाबदारी नेमकी कोणाची, आणि ती व्यक्ती प्रकल्प सोडून गेली तर ताबा कोणाकडे जाईल. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पीएच.डी. पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक क्लाउड खात्यावर मोजमापे राहून गेली, की वर्षभरात ती कोणालाच सापडत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून विद्यापीठाच्या किंवा संशोधन गटाच्या सामाईक जागेतच काम करावे, आणि निरोपापूर्वी डेटाची हस्तांतर नोंद करण्याची पद्धत ठेवावी.

कच्चा डेटा आणि त्यावरचे संस्कार

उपकरणातून किंवा सर्वेक्षणातून जसा आला तसा डेटा स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून तो केवळ वाचता येईल, बदलता येणार नाही, असा कुलूपबंद करावा. चुकीची नोंद वगळणे, एकके बदलणे, तक्ते जोडणे ही सगळी कामे प्रतीवर करावीत, आणि शक्यतो हाताने न करता आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांतील स्क्रिप्टने (म्हणजे आज्ञांच्या लिखित यादीने) करावीत. स्क्रिप्ट हीच कोणते बदल झाले याची नोंद असते, आणि मध्येच चूक लक्षात आली तर कच्च्या डेटापासून सगळे पुन्हा उभे करता येते.

फाइलच्या नावात दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावा, कारण मग वर्णानुक्रम लावला की कालक्रम आपोआप लागतो. ‘माती-ओलावा_२०२४-०३-०४_कच्चा’ हे नाव पाहताच आत काय आहे ते कळते. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवे’, ‘अंतिम-सुधारित’ या तीन फाइलींपैकी निबंधात कोणती वापरली, हे मात्र काही महिन्यांत लेखकालाही सांगता येत नाही.

तक्त्यातले सापळे

स्प्रेडशीट सोयीची असते, पण ती न विचारता सुधारणा करते. सेप्ट-२ किंवा मार्च-१ अशी रोमन लिपीतील संक्षिप्त जनुकनामे एक्सेलमध्ये टाकली, की ती सप्टेंबर आणि मार्चमधील तारखा बनत. एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे बिघाड असल्याचे २०१६ च्या एका तपासणीत आढळले, आणि अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ही नावेच बदलल्याचे जाहीर केले. म्हणून असे रकाने डेटा भरण्यापूर्वीच ‘मजकूर’ प्रकारचे करावेत.

एका रकान्यात एकच गोष्ट असावी: ‘१२.५ अंश, ढगाळ’ अशी नोंद दोन रकान्यांत विभागावी. तक्त्यातील चौकटी (सेल) एकमेकींत जोडू नयेत. संशयास्पद वाचन पिवळ्या रंगाने रंगवण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण तक्ता साध्या मजकुरात जतन करताच रंग नाहीसा होतो आणि त्यासोबत तो संशयही. त्याऐवजी ‘शेरा’ असा वेगळा रकाना ठेवावा. न मिळालेली नोंद कशी दाखवायची, हेही एकदाच ठरवावे. कोणी जागा रिकामी सोडतो, कोणी शून्य लिहितो, तर काही उपकरणे उणे ९९९ लिहितात. हे उणे ९९९ सरासरीत शिरले तर उत्तर चुकते, आणि चूक नेहमीच डोळ्यांत भरेल इतकी मोठी नसते.

वर्णन लिहिणे

प्रत्येक डेटासंचासोबत ‘रीडमी’ नावाची साधी मजकूर फाइल असावी. डेटा कोणी, कधी, कोठे, कोणत्या उपकरणाने आणि कोणत्या हेतूने गोळा केला, कोणत्या फाइलींचा एकमेकींशी काय संबंध आहे, आणि कोणती वाचने का वगळली, हे त्यात पूर्ण वाक्यांत लिहावे. त्याला रकान्यांची सूची जोडावी. उदाहरणार्थ: ‘ओलावा_२: जमिनीखाली २० सेंटिमीटरवरील ओलावा, आकारमानाच्या टक्केवारीत, उपकरण क्रमांक ३, ११ जूननंतर उपकरण बदलले, त्यामुळे आधीच्या वाचनांशी थेट तुलना करू नये, रिकामी जागा म्हणजे वाचन मिळाले नाही.’ ही मोजकी वाक्यखंडे लिहायला काही मिनिटे लागतात, पण उपकरण बदलल्याची गोष्ट विस्मरणात गेली, तर तक्त्यातून ती कोणालाही शोधून काढता येणार नाही. म्हणून हे लेखन प्रकल्पाच्या शेवटी नव्हे, तर डेटा गोळा होत असतानाच करावे.

प्रती

बॅकअपचा प्रचलित ३-२-१ नियम पुरेसा चांगला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी. आपोआप जुळणारे क्लाउड फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. मागील आवृत्त्या किती दिवस मिळतात, ते तपासून घ्यावे. मोठ्या संस्थेच्या यंत्रणेवरही डोळे झाकून विसंबू नये. क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅममधील दोषामुळेच सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला, आणि काही संशोधन गटांना तो परत मिळू शकला नाही.

बॅकअपमधून एखादी फाइल अधूनमधून प्रत्यक्ष परत आणून, उघडून पाहावी. फाइलींचे एसएचए-२५६ सारखे चेकसम, म्हणजे फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे, काढून ठेवावेत. एक बिट जरी बदलला तरी चेकसम बदलतो, त्यामुळे कालांतराने प्रत मूळाबरहुकूम आहे की नाही हे खात्रीने सांगता येते.

दीर्घकाळ ठेवायच्या प्रती खुल्या, म्हणजे एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या, स्वरूपांत असाव्यात: तक्त्यांसाठी सीएसव्ही, प्रतिमांसाठी टिफ, दस्तऐवजांसाठी पीडीएफ-ए. रोमनखेरीज अन्य लिपीतील मुलाखती किंवा उत्तरे असतील, तर मजकूर यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीतच जतन करावा. विशिष्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइलही फेकू नये. ती खुल्या प्रतीच्या शेजारी ठेवावी.

माणसांविषयीचा डेटा

नावे काढली म्हणजे ओळख पुसली, असा समज चुकीचा आहे. लतान्या स्वीनी यांनी १९९७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील निनावी वैद्यकीय नोंदी मतदारयादीशी जुळवल्या आणि केवळ जन्मतारीख, लिंग व टपाल संकेतांक यांवरून तत्कालीन गव्हर्नरांची नोंद ओळखून दाखवली. म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट आणि गावाऐवजी मोठा प्रदेश नोंदवावा. सहभागींचे सांकेतिक क्रमांक आणि खरी नावे यांची जोडयादी कूटबद्ध करून वेगळ्या जागी ठेवावी. डेटा पुढे इतर संशोधकांना देण्याचा विचार असेल, तर संमतिपत्रातच तसे स्पष्ट लिहावे; नंतर शेकडो सहभागींना शोधून परवानगी मागणे बहुधा शक्य होत नाही.

भांडारात ठेवणे

निबंधात लिहिलेल्या ‘विनंती केल्यास डेटा मिळेल’ या वाक्यावर भिस्त ठेवू नये; डेटा भांडारात, म्हणजे तो जपून इतरांना उपलब्ध करून देणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, ठेवावा. आपल्या विषयाचे मान्यताप्राप्त भांडार असेल तर प्रथम तेच निवडावे, जसे प्रथिनांच्या रचनांसाठी १९७१ पासून चालू असलेली प्रोटीन डेटा बँक. तसे नसेल तर विद्यापीठाचे भांडार किंवा सर्न या युरोपातील भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने २०१३ साली सुरू केलेले झेनोडो उपयोगी पडते. तेथे प्रत्येक नोंदीला डीओआय हा स्थायी क्रमांक मिळतो, त्यामुळे डेटाचाही निबंधाप्रमाणे संदर्भ देता येतो. परवाना न विसरता निवडावा, कारण परवान्याविना ठेवलेला डेटा प्रामाणिक वाचक वापरायला धजत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या प्रचलित खुल्या परवान्यांपैकी, श्रेय मिळावे असे वाटत असेल तर सीसी-बाय, कोणतीच अट नको असेल तर सीसी-झीरो.

सगळेच ठेवण्याची गरज नसते. स्क्रिप्टने पुन्हा निर्माण करता येणाऱ्या मधल्या फाइली वगळाव्यात. पुन्हा कधीच घेता न येणारी निरीक्षणे मात्र कितीही जागा लागली तरी ठेवावीत.

डेटा जमा करण्यापूर्वी प्रकल्पाबाहेरच्या एका सहकाऱ्याला केवळ तो संच देऊन निबंधातील एक आलेख काढायला सांगावे. त्यांना विचारावा लागलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचे उत्तर रीडमीमध्ये लिहावे, आणि मगच संच प्रकाशित करावा. पुढे चूक सापडली तर जुनी फाइल गुपचूप न बदलता नवी आवृत्ती चढवावी आणि काय बदलले ते तिच्या वर्णनात नोंदवावे.