जॉन मॅकॉर्मॅक यांची आयरिश गाणी ऐकताना या चुका टाळा

आयर्लंडमधील अथलोन येथे १८८४ साली जन्मलेले गायक जॉन मॅकॉर्मॅक १९०४ पासून १९४२ पर्यंत ध्वनिमुद्रण करीत होते. त्यांच्या जुन्या तबकड्यांवर ‘आवाज पातळ आणि अनुनासिक आहे’ असा शेरा मारला जातो, परंतु हा दोष त्यांच्या गळ्यापेक्षा आपल्या यंत्राचा असण्याची शक्यता अधिक असते.

सर्वांत मोठी चूक वेगाची. १९२५ पूर्वीच्या, म्हणजे कर्ण्यात गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्यांचा वेग मिनिटाला ७८ फेऱ्या असेलच असे नाही. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकमध्ये ऐकू येते आणि भरदार गळा किरटा वाटू लागतो. उपाय असा की, गाण्याच्या छापील स्वरलिपीतील पट्टी पेटीवर धरावी आणि वेग कमी-जास्त करून तबकडी तिच्याशी जुळवावी. गायक सोयीसाठी पट्टी बदलतात, म्हणून शेजारच्या पट्ट्याही तपासाव्यात आणि जिच्यात आवाजातील कंप घाईचा किंवा सुस्त वाटत नाही, ती स्वीकारावी. येथे कान हाच अखेरचा निवाडा देतो.

दुसरी चूक सुईची. नंतरच्या काळातील एलपी तबकडीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन तेथील धूळ खरवडते. सुमारे ७५ मायक्रॉनची सुई खाचेच्या भिंतींना टेकते आणि खरखर लक्षणीय घटते. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी पिन एका बाजूपुरतीच वापरावी.

१९५४ च्या सुमारास रूढ झालेली आरआयएए दुरुस्ती (एलपी वाजवताना खर्ज वाढवून तार स्वर घटवणारी जुळवणी) या तबकड्यांना लावल्यास खर्ज फुगतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो, म्हणून ती काढून टाकावी. संगणकावर खरखर पुसतानाही हात आखडता घ्यावा, कारण खरखरीबरोबर ‘स’, ‘श’ आणि श्वासही पुसले जातात. मॅकॉर्मॅक यांच्या गाण्याचे निम्मे सौंदर्य शब्दोच्चारात असल्याने हा सौदा तोट्याचाच.

एकाच गाण्याच्या आवृत्त्यांत गल्लत करू नये. ‘आय हिअर यू कॉलिंग मी’ त्यांनी १९०८ मध्ये ओडियन कंपनीसाठी, १९१० मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी आणि १९२७ मध्ये विद्युत पद्धतीने, म्हणजे मायक्रोफोनसमोर गाऊन, पुन्हा मुद्रित केले. लेबलावरील पेटंटच्या तारखा मुद्रणाच्या नसतात; त्याऐवजी लेबलाभोवतीचा गुळगुळीत भाग तिरप्या उजेडात पाहावा. व्हिक्टरच्या तबकडीवर लंबवर्तुळात ‘व्हीई’ (VE) ही अक्षरे दिसली, तर ते मुद्रण विद्युत पद्धतीचे असते.

शेवटी, या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत. त्यांतील लाख, जी त्या काळी मुख्यतः भारतातूनच जात असे, स्पिरिटमध्ये विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून खाचांच्या दिशेने मऊ ब्रश फिरवावा, लेबल कोरडे ठेवावे आणि तबकडी उभी करून सावलीत वाळवावी.