शारजाला व्हॉट्सॲप कॉल लागतो, पण आवाज येत नाही? या चुका टाळा

मागच्या आठवड्यात कागलकडच्या एक मावशी एसटीनं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या मोबाइल दुकानात आल्या. फोन रुमालात गुंडाळलेला. मुलगा शारजात वेल्डर आहे, जाऊन महिना झालेला. "रिंग जातीया, पोरगं उचलतंय बी, पर आवाजच येत न्हाई," म्हणाल्या. त्याआधी एका दुकानात त्यांनी स्पीकर बदलून घेतला होता. कुणीतरी व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकलं, बॅकअप नव्हता, त्यात मुलानं पाठवलेले सगळे व्हॉइस मेसेज गेले. फोनला काहीच झालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

इथला फोन उघडू नका. शारजा, दुबई ज्यात येतात त्या संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सेवा द्यायला तिथल्या दूरसंचार नियामकाची मान्यता लागते, आणि परवाना एतिसलात आणि डू या तिथल्या फोन कंपन्यांकडे आहे. व्हॉट्सॲपच्या कॉलला ती मान्यता नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट जातात, बोलणं तेवढं अडतं. हीच खूण. खात्री करायची तर शेजारच्या कुणाला तरी व्हॉट्सॲप कॉल लावून बघा. आवाज आला तर फोन ठणठणीत आहे.

"पण पहिले आठ दिवस चालत होतं की!" हेही खरं असतं. तेव्हा मुलाकडं इथलंच सिम रोमिंगवर होतं. रोमिंगचा डेटा सहसा भारतातल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून जातो, म्हणून तिथली अडवणूक लागत नाही. तिथलं सिम घातलं की बंद.

व्हीपीएन, म्हणजे फोन दुसऱ्याच देशात असल्यासारखं दाखवणारं ॲप, टाकायला सांगू नका. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती घरचेच प्रेमापोटी करतात. चुलतभाऊ इथून लिंक पाठवतो, "हे टाक, चालतंय." कंपन्या कामासाठी व्हीपीएन वापरतात, त्याला तिथं मनाई नाही. पण २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता (इंटरनेटवरची आपल्या फोनची ओळख; व्हीपीएन तोच बदलतं) बदलला तर कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. बंद केलेला कॉल आडमार्गानं लावणं कशात मोजलं जाईल, याची परीक्षा आपल्या पोरावर कशाला? त्यापेक्षा बोटिम, टीम्स, झूम ही तिथं मान्यता मिळालेली ॲप वापरा. बोटिम दोन्हीकडच्या फोनवर असावं लागतं. मावशींच्या फोनवर ते टाकलं, मुलानं तिकडं टाकलं, आणि दहा मिनिटांत दुकानातूनच बोलणं झालं. पॅकेज लागतं का, ते मुलानं तिथल्या सिमवाल्याला विचारावं.

एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नका. सौदीनं सप्टेंबर २०१७ मध्ये अटी पाळणाऱ्या ॲपच्या कॉलवरची बंदी उठवली. मोरोक्कोत २०१६ च्या सुरुवातीला असे कॉल बंद झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झाले. चीनची गंमत तिकडून मशीन मागवणाऱ्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांना चांगलीच ठाऊक आहे: तिकडं व्हॉट्सॲप बंद, आणि तिकडचं व्हॉट्सॲपसारखं ॲप वीचॅट आपल्याकडं जून २०२० पासून बंद. मशीन बिघडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सप्लायरशी ईमेल आणि टीम्सवर कसं बोलायचं, ते ऑर्डर देतानाच ठरवून घ्या.

आपल्या नावावरची सिम कुणाला देऊ नका. इंटरनेटवरून आलेला परदेशी कॉल सिमबॉक्समधून (एकाच वेळी बरीच सिम चालवणारा डबा) लोकल नंबरवर वळवणं हा आपल्याकडं गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवान्याशिवाय अशी सेवा चालवली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "फक्त एक खोली आणि वायफाय पाहिजे, भाडं दुप्पट," असं कुणी म्हणालं तर डब्यात काय आहे ते आधी बघा. दुबईचा भाऊ बोलतोय आणि स्क्रीनवर अनोळखी भारतीय नंबर दिसतोय, असं झालं तर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तक्रार करा. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत, तेही तिथंच दिसतं.