आईच्या केअर सेंटरची फी आणि आंब्याचे पैसे

रत्नागिरी-देवगडकडे बऱ्याच घरात आंब्याचे पैसे एप्रिल-मेमध्ये एकदम येतात आणि केअर सेंटरवाले तर दर महिन्याला मागतात, म्हणून ते पैसे घरखर्चात मिसळू देऊ नका, वेगळं खातं काढून तिथूनच फी जाऊदे. आईच्या नावावर जुनी बचत असेल तर पोस्टातली सिनियर सिटिझन स्कीम बघा, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं, ८.२ टक्क्यांनी १० लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये. मुदत ५ वर्षं असते हां, सगळे टाकू नका.

सेंटरवाले फोनवर फीचा सांगतात तो आकडा बहुतेक वेळा अर्धवटच असतो. डायपर, रात्रीची बाई, फिजिओ, डॉक्टरची व्हिजिट याचं वेगळं लावतात का ते लेखी घ्या, डिपॉझिट किती परत मिळणार तेपण. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड (सरकारी आरोग्य विम्याचं) हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाल्यावर कामाचं, सेंटरमध्ये नुसतं ठेवून सांभाळायला ते चालत नाही.

आणि आई नीट सही करतेय तोवरच बँकेत जॉइंट नाव लावून घ्या, कारण एकदा तिला समजेनासं झालं की मुखत्यारपत्रावरसुद्धा भागत नाही. बाग विकून भागवू म्हणाल तर आधी सातबारा काढून बघा, त्यावर चार काका असतातच.