बंद पडलेलं आर्केड मशीन चालू करायचंय? आधी त्याचा काळ ओळखा

वर्षानुवर्षं अडगळीत पडलेलं नाण्यावरचं व्हिडिओ गेम मशीन हाती आलं की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघायचा. तो आवरा. काल चालत होतं असं सांगून दिलेलं मशीनसुद्धा वाहतुकीत हादरलेलं असतं. कुठे चिप सॉकेटातून अर्धी वर आलेली असते, कुठे सुटा स्क्रू सर्किट बोर्डावर जाऊन पडलेला असतो, कुठे उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. अशा अवस्थेत वीज दिली तर दहा मिनिटांत दुरुस्त होणारा दोष कायमचा होऊन बसतो.

दुसरी चूक म्हणजे सगळी जुनी मशीनं एकाच मापाने मोजणं. बाहेरून लाकडी पेटी सारखीच दिसते, पण आतला माल दर काही वर्षांनी पार बदलत गेला आहे. एका काळातल्या मशीनला लागू पडणारा उपाय दुसऱ्या काळातल्या मशीनला मारक ठरतो. बॅटरीचं उदाहरण पुढे येईलच.

आत काय निघेल

१९७१ चा कॉम्प्युटर स्पेस आणि १९७२ चा पाँग यांत मायक्रोप्रोसेसरच नाही. चेंडू, फळी, गुण हे सगळं साध्या टीटीएल (एकेकच छोटं लॉजिकचं काम करणाऱ्या) चिपांच्या जुळणीतून तयार होतं. त्यामुळे रॉम (खेळाचा प्रोग्रॅम साठवणारी चिप) बदलून बघण्यासारखं आत काही नसतं. सर्किटचा नकाशा आणि लॉजिक प्रोब (सिग्नल आहे की नाही ते दाखवणारी कांडी) घेऊन एकेका चिपेचा सिग्नल तपासत जाणं एवढाच मार्ग. १९७५ च्या गन फाइटमध्ये इंटेल ८०८० हा मायक्रोप्रोसेसर आला आणि खेळ प्रोग्रॅममध्ये लिहिला जाऊ लागला.

१९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सचा मॉनिटर कृष्णधवल आहे. रंग दिसतात ते वर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. साफसफाईत त्या पट्ट्या जुना चिकटपट्टीचा कचरा समजून उपटू नका. आणि शत्रू कमी होतील तसा त्यांचा वेग वाढतो, त्यातही बिघाड शोधू नका. कमी आकृत्या काढायच्या असल्याने प्रोसेसरची फेरी लवकर संपते, म्हणून ते पळतात.

१९७९ च्या अ‍ॅस्टेरॉइड्समध्ये व्हेक्टर मॉनिटर आहे. त्यात ओळीओळीने चित्र भरत नाही, किरण थेट रेषा काढतो. तो किरण हलायचा थांबला तर मधोमध एक प्रखर ठिपका दिसतो आणि पिक्चर ट्यूबचा लेप तिथे जळतो, म्हणून ठिपका दिसताक्षणी मशीन बंद करा. १९८० च्या पॅक-मॅनपासून झेड-८० प्रोसेसर आणि रंगीत रास्टर (ओळीओळीने चित्र भरणारा) मॉनिटर ही जोडी ओळखीची होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात जॅमा हे वायरिंगचं मानक आलं आणि दुरुस्तीवाल्यांचं आयुष्य सोपं झालं. ५६ संपर्कांचा एक कडेचा कनेक्टर, बोर्ड काढा, दुसरा बसवा. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ला मात्र दर खेळाडूमागे सहा बटणं लागतात आणि जॅमात तीनचीच सोय आहे. उरलेल्या तिनांसाठी बोर्डावर वेगळा छोटा कनेक्टर असतो. लाथेची बटणं चालत नसतील तर आधी तो जोडलाय का ते बघा.

प्लग लावण्याआधी

मागचं दार उघडून सगळ्या वायरींचे फोटो काढा. प्रत्येक कनेक्टरवर कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा. मग ब्रश आणि व्हॅक्यूमने धूळ काढा. पेटीच्या तळाचा कचरा फेकण्याआधी चाळा, कारण हरवलेल्या किल्ल्या, स्क्रू आणि नाणी तिथेच सापडतात.

फ्यूज एकेक काढून त्यावरचा आकडा लेबलशी ताडून बघा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चांदीच्या कागदात गुंडाळलेला फ्यूज निघाला, तर आधीच्या माणसाने दोष न शोधता तो झाकला आहे असं समजा. दोष अजून आतच आहे.

मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवून प्लगची अर्थची पिन आणि नाण्यांचं धातूचं दार यांच्यात मोजा. १ ओहमच्या आत आलं पाहिजे. खेळणाऱ्याचा हात सतत त्या धातूवर असतो, इथे तडजोड नाही.

जपानी मशीन १०० व्होल्टवर आणि अमेरिकन ११० ते १२० व्होल्टवर चालतं. २२० ते २४० व्होल्टच्या विजेवर लावायचं तर योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा. शिवाय बऱ्याच जुन्या मॉनिटरांना स्वतंत्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण त्यांची चासी (मॉनिटरचा सर्किट बोर्ड) थेट मेनशी जोडलेली असते. पेटीतला तो जड ठोकळा फालतू समजून वगळला तर मॉनिटर जळतो, आणि हात लावणाऱ्याच्या जिवावरही बेततं.

दार उघडं असताना मशीन ढिम्म हललं नाही तरी घाबरू नका. दाराशी सुरक्षा स्विच असतो. बऱ्याच मशीनांत त्याचा दांडा बाहेर ओढला की दार उघडं ठेवूनही वीज मिळते.

पाच व्होल्ट

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. चिपेवर संशय घेण्याआधी वीज मोजा. बोर्ड आणि मॉनिटर सोडवून पुरवठा (पेटीतलं पॉवर सप्लाय युनिट) चालू करा, ५ आणि १२ व्होल्ट येतात का बघा. मग बंद करून बोर्ड जोडा आणि पुन्हा मोजा. या वेळी पुरवठ्याच्या स्क्रूवर न मोजता बोर्डावरच्या एखाद्या चिपेच्या पायावर मोजा. ५.० ते ५.१ व्होल्ट हवेत. टीटीएल चिपांची हद्द ४.७५ ते ५.२५ आहे. ४.७५ च्या खाली खेळ अडखळतो, पडद्यावर कचरा येतो, मशीन आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होतं.

पुरवठ्यावर ५.१ आणि बोर्डावर ४.७ आले तर पुरवठ्याचा पेच फिरवून व्होल्टेज वाढवायचा मोह होतो. तसं केलं की दोष पोसला जातो. मधले ०.४ व्होल्ट कुठल्या तरी काळवंडलेल्या संपर्कात उष्णता होऊन जात आहेत. तो तापतो, आणखी काळा पडतो, विरोध वाढतो, शेवटी कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं. बोर्डाच्या कडेचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पांढऱ्या खोडरबराने साफ करा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा सोन्याचा पातळ थर निघून जातो आणि महिन्याभरात परत पहिले पाढे पंचावन्न. करपलेला कनेक्टर सरळ बदला.

मीटर एसीवर करून तेच ५ व्होल्ट पुन्हा मोजा. ५० मिलिव्होल्टहून जास्त दिसलं तर फिल्टर कपॅसिटर थकला आहे.

जॅमा बोर्ड बसवताना सातव्या जागेची खाच जुळते ना ते बघा. खाचेतली पट्टी तुटलेली असेल तर कनेक्टर उलटा बसू शकतो, आणि मग १२ व्होल्ट बटणाच्या इनपुटवर जातात.

मॉनिटर

रंगीत १९ इंची ट्यूबच्या अ‍ॅनोडवर (रबरी टोपीखालच्या जोडावर) २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहतो. चासी काढण्याआधी ट्यूब रिकामी करायची ती अशी: प्लग काढा. लांब, चांगल्या इन्सुलेटेड मुठीचा चपटा स्क्रू ड्रायव्हर घ्या. त्याच्या दांड्याला क्लिपवाली जाड वायर लावा आणि तिचं दुसरं टोक मॉनिटरच्या धातूच्या चौकटीला, ट्यूबभोवतीच्या उघड्या विणलेल्या वायरीपाशी घट्ट अडकवा. एक हात पाठीमागे ठेवा. दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हरचं टोक रबरी टोपीखाली सरकवत आतल्या धातूच्या क्लिपला टेकवा. चट् असा आवाज येईल, कधी येणारही नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण ट्यूबमध्ये थोडा भार परत जमतो. याची भीती वाटत असेल तर हे काम जाणकारावर सोपवा, त्यात कमीपणा नाही.

आता लक्षणं. चित्राच्या कडा लाटांसारख्या हलतात किंवा वरचा भाग दुमडतो: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत. ते सगळे एकदमच बदला. मायक्रोफॅरड तोच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, १०५ अंशांचे, आणि ऋण बाजू बोर्डावरच्या खुणेशी ताडून. मधोमध एकच आडवी रेघ: उभ्या दिशेचं सर्किट गेलंय, लगेच ब्राइटनेस कमी करा नाहीतर रेघ कायमची उमटेल. एक रंग गायब: आधी ती वायर, मग ट्यूबच्या मानेवरच्या बोर्डाचे सोल्डरचे डाग. आवाज व्यवस्थित पण पडद्यावर तिरप्या फाटलेल्या रेघा: बोर्ड आणि मॉनिटर यांची वारंवारता जुळत नाही. जुने बोर्ड १५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, नव्वदीच्या उत्तरार्धातले काही ३१ वर. पडद्यावर जुन्या खेळाचं भूत उमटलेलं असेल तर त्याला औषध नाही, ट्यूबच बदलायची.

बोर्ड आणि बॅटरी

बोर्ड चालू होतो, कचरा दाखवतो, सेकंदा-दोन सेकंदांनी पुन्हा तेच. हा वॉचडॉगचा खेळ आहे. प्रोग्रॅम भरकटला की तो प्रोसेसरला परत पहिल्यापासून सुरू करतो. सॉकेटातल्या रॉम चिपा एकेक करून हलकेच उचकटा, पाय साफ करा, दिशा बघून परत दाबा. काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉमवरची (पुसता येणाऱ्या रॉमवरची) चिकटपट्टी काढून ठेवू नका, अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जातो. एवढ्यावर भागलं नाही तर झेड-८० च्या ६ नंबरच्या पायावर क्लॉक (प्रोसेसरला ठेका देणारा सिग्नल) आणि २६ वर रीसेट तपासा. रीसेटचा पाय चालू झाल्यावर वर, म्हणजे जास्त व्होल्टवर, राहिला पाहिजे. सतत खाली असेल तर वीज किंवा रीसेटचं सर्किट, लयीत खालीवर होत असेल तर वॉचडॉग. २११४ जातीच्या रॅम चिपा बोटाने चाचपा, शेजारच्यांपेक्षा चटका देणारी पहिली संशयित. ४११६ रॅम असेल तर उणे ५ व्होल्ट येतायत याची खात्री करूनच चालू करा. ते नसताना बाकीचे व्होल्ट मिळाले तर त्या चिपा मरतात.

आता बॅटरी. डिफेंडर या खेळाच्या बोर्डावर सेटिंग टिकवायला तीन पेन्सिल सेल असतात, निओ जिओ या मशीनच्या बऱ्याच बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. या गळतात आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकतात. त्या आजच काढा. हिरवट-पांढऱ्या बुरशीवर व्हिनेगर लावून ब्रशने घासा, पाण्याने धुवा, मग अल्कोहोल. पण १९९३ पासूनच्या कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-२ बोर्डावरची लिथियम बॅटरी तशीच उपटली तर खेळच जातो. सांकेतिक रूपात साठवलेला प्रोग्रॅम उलगडण्याची किल्ली त्या बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत असते. तिला हात लावण्याआधी व्होल्ट मोजा आणि बदलण्याची पूर्ण तयारी ठेवा. मेलेल्या बोर्डात किल्ली परत भरता येते खरी, पण ते पहिल्या प्रयत्नाचं काम नव्हे.

जॉयस्टिक आणि बटणं

जुन्या बटणांत दोन पितळी पात्या असतात. न दाबता त्यांच्यात साधारण एक मिलिमीटर फट हवी. पात्यांमध्ये अल्कोहोलने ओला केलेला जाड कागद धरून बटण दाबा आणि कागद ओढा. काळा डाग निघाला की झालं. पॅक-मॅनला चार दिशांचीच जॉयस्टिक हवी. आठ दिशांची लावली तर वळणावर दोन दिशा एकदम दाबल्या जातात आणि पॅक-मॅन भुतांच्या तोंडी जातो.

नाण्याची वाट

पाँगचं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवलं होतं. ते बंद पडल्याची तक्रार आली, उघडून बघतात तर गल्ला नाण्यांनी तुडुंब. म्हणून सुरुवात गल्ला रिकामा करण्यापासून.

यांत्रिक नाणेयंत्रात नाणं आधी एका तोललेल्या पाळण्यात पडतं. लहान असेल तर मधून निसटतं, मोठं असेल तर वरच अडकतं, योग्य असेल तर पाळणा कलतो. पुढे चुंबक आहे. लोखंडी चकती त्याला चिकटून बसते, खऱ्या नाण्याचा वेग मात्र ठरावीक प्रमाणात कमी होतो आणि त्या वेगानेच ते खालच्या ठोकळ्यावर उडी घेऊन स्वीकाराच्या बाजूला पडतं. सगळा खेळ गुरुत्वाकर्षणाचा, त्यामुळे मशीन तिरकं उभं असेल तर चांगली नाणीही परत येतात. आधी पाणसळ लावून पाय समतल करा. मग यंत्र काढून कोमट साबणपाणी आणि जुन्या टूथब्रशने धुवा, पूर्ण वाळवा. तेल अजिबात घालू नका, त्यात धूळ चिकटून नाण्याचा वेग मंदावतो.

इलेक्ट्रॉनिक नाणेयंत्रात नमुन्याचं नाणं अडकवलेलं असतं आणि आत येणारं प्रत्येक नाणं त्याच्याशी ताडलं जातं. नमुना नीट बसलाय का आणि १२ व्होल्ट येतायत का, एवढं बघितलं की बहुतेक अडचण सुटते. त्यावर सिग्नलची लांबी ठरवणारा छोटा स्विचही असतो. नाणं घेतो पण क्रेडिट देत नाही, अशी तक्रार असेल तर तो बदलून बघा.

नाणं खाली पडताना एका मायक्रोस्विचची तार दाबतं. तार वाकून दाबलेलीच राहिली तर कित्येक खेळ नाणं अडकलं असं धरून क्रेडिट देणं थांबवतात. तार बोटाने दाबा: टक् व्हायला हवं, सोडली की आपोआप परत यायला हवी. एका नाण्यात दोन क्रेडिट मिळत असतील तर तारेआधी डिप स्विच (बोर्डावरचे सेटिंगचे छोटे स्विच) बघा, तसं सेटिंगच असू शकतं. आणि नाणं टाकताक्षणी मशीन रीसेट होत असेल, तर नाणी मोजणाऱ्या मीटरच्या कॉइलवरचा डायोड तपासा. तो तुटला की कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेजचा झटका थेट बोर्डात शिरतो.

सगळं जमलं की दोन-तीन तास चालू ठेवा, ५ व्होल्ट परत मोजा, बंद करून कनेक्टर हाताने चाचपा. कोमट चालेल, गरम नाही. बदललेले भाग, तारीख आणि डिप स्विचची स्थिती कागदावर लिहून तो मागच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. किल्ली मात्र आत विसरून दार लावू नका.