नीटची तयारी करणाऱ्या मुलींची झोप कशी बसवायची

लातूरला मी मुलींचं होस्टेल चालवते. सगळ्या नीटवाल्या, अकरावी-बारावीच्या. प्रवेशाला आलेले वडील कौतुकानं सांगतात, "मॅडम, आमची रात्री दोनपर्यंत वाचते." मी विचारते, दुसऱ्या दिवशी त्यातलं किती आठवतं? वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, आणि १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागतेच.

आमच्याकडे सहाला उठणं, म्हणजे दहाला दिवे बंद. पण दोनची सवय असलेल्या मुलीला पहिल्याच रात्री दहाला झोप येणार नाही. या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास उशिरा चालतं. तो आळस नव्हे. आधी उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गच्चीवर, उजेडात. झोपायची वेळ मात्र दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे आणा.

चहा चारनंतर बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, त्यामुळे जेवणानंतरचा 'अर्धाच कप' नडतो. उन्हाळ्यात कूलर झोपण्याआधी भरा. रात्री पाणी संपलं की तो गरम वारा फेकतो आणि अख्खी खोली जागी.

आता पालकांचं. रात्री साडेदहाला फोन येतो, "बेटा, टेस्टला किती पडले?" मुलगी तोंडावर पांघरूण घेऊन रडते, रूममेट समजूत काढत बसते, दोघींचे बारा वाजतात. मार्क रविवारी दुपारी विचारा. रोजचा फोन आठच्या आत, तोही जेवणाखाणाचा.

वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून खुर्चीत बसायचं, उद्याची कामं कागदावर लिहायची, डोळे जड झाले की परत पडायचं. मोबाइल नाही. रोज घोरणारी किंवा रात्रभर पाय हलवणारी मुलगी डॉक्टरांना दाखवा. पायांच्या त्रासामागे लोह कमी असू शकतं.

एरवी दुपारी वीस मिनिटांची डुलकी चालते, मार्चपासून तीही नाही. नीटचा पेपर मे महिन्यात दुपारी दोनला सुरू होतो, ऐन पेंगण्याच्या वेळी! म्हणून दोन ते पाच घड्याळ लावून सराव पेपर सोडवायचे. केंद्राचं गेट दीडला बंद होतं, त्यामुळे सरावाच्या दिवसांतही मेसमध्ये वरणभात अकरालाच वाढते. भज्यांची फर्माईश पाचनंतर.