बंद घराच्या पडवीत डोळ्यांत न भरणारा कॅमेरा कसा लावावा

आमचं कोकणातलं घर गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूपबंद. पडवीत छोटा कॅमेरा लावला, तर पहिल्याच आठवड्यात नोटिफिकेशनचा पाऊस. माणूस एकही नाही, सगळी केळीची पानं! कंटाळून मी मोबाइलवरचा आवाजच बंद केला. म्हणजे कॅमेरा असून नसल्यासारखा.

१. घेताना सेन्सर कोणता ते विचारा. काही कॅमेरे एका चित्राची पुढच्या चित्राशी तुलना करतात. सावली सरकली तरी बोंब. पीआयआर सेन्सर मात्र अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. भर उन्हात तोही थोडा फसतो, पण पानांना भुलत नाही. तो काचेआड ठेवू नका, काच ही उष्णता अडवते.

२. जागा नीट निवडा, निम्मं काम इथेच होतं. सात-आठ फुटांवर, वाशाच्या आडोशाला लावा. माणूस थेट कॅमेऱ्याकडे चालत आला तर पीआयआर उशिरा जागा होतो, समोरून आडवा गेला की लगेच. म्हणून आम्ही तो दारासमोर न लावता पडवीच्या कोपऱ्यात लावला. पायरी चढणारा आडवाच जातो. जुन्या काळ्या लाकडावर पांढरा कॅमेरा खळ्यातूनही दिसतो, तेव्हा काळाच घ्या. घरी रंगवायचा मोह झालाच, तर सेन्सरवरची दुधी टोपी, भिंग आणि माइकचं भोक सोडा. टोपीवर रंग बसला की सेन्सर आंधळा.

३. रात्रीचं बघा. अंधारात बघायला कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशाचे बारीक दिवे (एलईडी) लावतो. त्यातले 850 नॅनोमीटर तरंगलांबीचे अंधारात मंद लाल दिसतात. 940 चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. पडवीपुरता तो पुरतो. भिंगासमोर कोळ्याने जाळं विणलं की रात्रभर पांढरा पडदा. महिन्यातून एकदा झाडू फिरवायला सांगून ठेवा.

४. ॲपमध्ये फक्त पायरी आणि दार एवढाच भाग आखा, झाडं वगळा. मग स्वतः चालून बघा, एकदा दुपारी, एकदा दिवे मालवून.

५. बहुतेक छोटे कॅमेरे राउटरच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, 5 च्या नाही. लाइट गेली तर राउटरही जातो, त्याला छोटा यूपीएस द्या. नुसत्या मेमरी कार्डावर विसंबू नका. चोराने कॅमेरा नेला की पुरावाही गेला. क्लिप क्लाउडवर जाऊ द्या. आणि मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

६. शेजाऱ्याची खिडकी किंवा न्हाणीघर चौकटीत येता कामा नये. कुणाचे खाजगी अवयव संमतीशिवाय टिपणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चोरापासून लपवा, घरच्यांपासून नको. बाग बघणाऱ्या काकांना आम्ही कॅमेरा आधीच दाखवला. त्यात माइक आहे हे कळल्यापासून ते पायरीवर उभे राहून, वर बघत, नारळ किती उतरवले ते सांगून जातात.